चिनी इलेक्ट्रिक एसयूव्ही: स्वस्ताई कुठून येते आणि घेताना काय तपासायचं

बीवायडी या चिनी कंपनीची इलेक्ट्रिक एसयूव्ही अ‍ॅटो ३ चीनमध्ये ‘युआन प्लस’ या नावाने विकली जाते. मार्च २०२४ मध्ये तिथे तिची सुरुवातीची किंमत १,१९,८०० युआनवर आली. तेव्हाच्या दराने हे साधारण १५ हजार युरो होतात. त्याच वर्षी जर्मनीत ती ३८ हजार युरोंच्या आसपास मिळत होती. चीनमधलं ते मॉडेल छोट्या बॅटरीचं होतं आणि त्यातल्या सोयीही कमी होत्या. जर्मनीतल्या किमतीत १९ टक्के व्हॅट, जहाजाचं भाडं, आयात शुल्क आणि डीलरचा वाटा हे सगळं येतं. एवढं सगळं वजा केलं तरी मोठी फट उरते. ती फट हाच कंपनीचा श्वास आहे. युरोपने शुल्क वाढवलं, प्रतिस्पर्ध्यांनी दर उतरवले, तरी या गाड्या बाजारातून हटल्या नाहीत, त्याचं कारण तिथे सापडतं.

ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत सध्या पहिली इलेक्ट्रिक गाडी म्हणून याच गाड्यांचा विचार होतो: एमजी झेडएस ईव्ही, एमजी एस५, अ‍ॅटो ३, लीपमोटर सी१०, जीली ईएक्स५. एकीकडे ‘चिनी माल, टिकायचा नाही’ म्हणणारे, दुसरीकडे ‘एवढ्या पैशात एवढं कोण देतं’ म्हणणारे. दोन्ही बाजू गाडीकडे नीट बघतच नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की स्वस्ताई नेमकी कुठून आली हे समजून घ्या. ज्या गोष्टीमुळे गाडी स्वस्त झाली, तीच गोष्ट रोजच्या वापरात तुमच्यासमोर येणार असते.

बॅटरीचं रसायन

इलेक्ट्रिक गाडीतला सर्वात महाग भाग बॅटरी. युरोपीय आणि कोरियन कंपन्या बरीच वर्षं निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटऱ्यांवर, म्हणजे एनएमसीवर भर देत राहिल्या, कारण त्यांत किलोमागे जास्त ऊर्जा मावते. चिनी कंपन्यांनी लिथियम, लोह आणि फॉस्फेटची बॅटरी, म्हणजे एलएफपी, मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. तिच्यात निकेल नाही, कोबाल्टही नाही. खर्च तिथेच उतरतो. शिवाय ही बॅटरी पेटायला एनएमसीपेक्षा जास्त तापमान लागतं आणि चार्जिंगची आवर्तनंही ती जास्त सोसते. वजन मात्र वाढतं, आणि थंडीत ती सुस्तावते.

अ‍ॅटो ३ च्या मोठ्या बॅटरीचा हिशोब सोपा आहे. १२६ सेल, प्रत्येक ३.२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांचा, सगळे एकापुढे एक जोडलेले. १२६ गुणिले ३.२ म्हणजे ४०३.२ व्होल्ट, आणि त्याला १५० ने गुणलं की ६०.४८ किलोवॅट-तास. आपल्या वीजबिलाच्या भाषेत साधारण ६० युनिट. छोट्या बॅटरीत असे १०४ सेल आहेत, त्यांचे ४९.९२ युनिट होतात. प्रत्येक सेल जवळपास ९६ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटरपेक्षाही पातळ पट्टी आहे, म्हणून नाव ‘ब्लेड’. मार्च २०२० मध्ये बीवायडीने ही रचना जाहीर केली. पूर्वी सेलचे आधी छोटे डबे बनवायचे आणि ते डबे मोठ्या पेटीत बसवायचे. इथे मधले डबेच काढून टाकले आणि पट्ट्या थेट पेटीत उभ्या केल्या. त्यामुळे एलएफपीची जागा खाण्याची अडचण बरीच कमी झाली. सेल, मोटर आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स बीवायडी स्वतःच बनवते, त्यामुळे पुरवठादारांचा नफाही घरातच राहतो.

आता वापरणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. एलएफपी सेलचा व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखं आहे हे: गॅस निम्मा असो की चतकोर, शेगडीची ज्योत तशीच, आणि मग एकदम संपतो. गाडीचा संगणक व्होल्टेजवरून ‘किती टक्के उरलं’ हे ओळखू शकत नाही. तो बॅटरीच्या आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली याची बेरीज-वजाबाकी करत राहतो. त्या हिशोबात रोज थोडी चूक साठते. गाडी सतत ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये ठेवली तर काही महिन्यांनी पडद्यावर १५ टक्के दिसत असताना आकडा अचानक ६ वर उतरतो. लोक म्हणतात बॅटरी खराब झाली. बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते, हिशोब चुकलेला असतो.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा घरच्या, सावकाश भरणाऱ्या एसी चार्जरवर १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करा, आणि पडद्यावर १०० दिसलं म्हणून लगेच केबल काढू नका. वरच्या टोकाला सेलमधला फरक व्होल्टेजमध्ये दिसायला लागतो आणि तेव्हाच संगणक सगळे सेल समपातळीवर आणतो. कधी हे दहा मिनिटांत होतं, कधी तासाच्या वर लागतं. गाडीने स्वतः वीज घेणं थांबवलं की काम झालं. दोन-तीन महिन्यांतून एकदा २० टक्क्यांच्या खालून सुरुवात करून असं पूर्ण चार्जिंग केलं तर आकडा आणखी नीट बसतो. हे डीसी फास्ट चार्जरवर, म्हणजे हायवेवरच्या वेगवान सार्वजनिक चार्जरवर, करण्यात अर्थ नाही. तिथे शेवटचे टक्के फार सावकाश भरतात, आणि पैसे जातात ते वेगळेच.

पण हा नियम एनएमसीला लावू नका. एमजी झेडएस ईव्हीचं २०२१ नंतरचं मॉडेल बघा. त्यातली ५१ युनिटची बॅटरी एलएफपी आहे आणि ७२.६ युनिटची एनएमसी. बाहेरून गाडी तीच. पहिलीला आठवड्यातून एकदा १०० टक्के हवेत. दुसरीला रोजच्यासाठी ८० टक्के पुरे, लांबच्या प्रवासाआधीच १०० करायचं. एमजी ४ मध्येही ५१ आणि ६४ युनिटच्या बॅटऱ्यांत हाच फरक आहे. सेकंडहँड गाडी घेताना नुसतं ‘झेडएस ईव्ही’ असं ऐकून घरी येऊ नका. कोणती बॅटरी आहे हे कागदावर बघा.

फास्ट चार्जिंग: जाहिरातीतला आकडा आणि हायवेवरची मिनिटं

स्वस्त गाडीत पैसे वाचवायची दुसरी जागा म्हणजे चार्जिंगचा वेग. अ‍ॅटो ३ डीसी चार्जरवर जास्तीत जास्त ८८ किलोवॅट घेते, लीपमोटर सी१० चं सुरुवातीचं मॉडेल ८४. हे आकडे कमाल वेगाचे आहेत, आणि तो वेग थोडाच वेळ टिकतो. १० ते ८० टक्के म्हणजे अ‍ॅटो ३ मध्ये साधारण ४२ युनिट भरायचे. सरासरी वेग ६० किलोवॅटच्या आसपास धरला तर ४० ते ४५ मिनिटं लागतात. ८०० व्होल्टची ह्युंदाई आयोनिक ५ योग्य चार्जरवर तेच काम १८ मिनिटांत करते असं कंपनी सांगते. तिची किंमतही त्याप्रमाणे.

मेलबर्न ते सिडनी ह्यूम हायवेने जवळपास ८८० किलोमीटर. ११० च्या वेगाने अशी एसयूव्ही १०० किलोमीटरला १८-१९ युनिट खाते. घरून १०० टक्क्यांनी निघालात आणि १० टक्क्यांवर थांबलात तर पहिला टप्पा २९० किलोमीटरच्या आसपास. पुढे प्रत्येक वेळी १० ते ८० भरत गेलात तर एका टप्प्यात सव्वादोनशे किलोमीटर. एकूण तीन थांबे, मिळून सव्वादोन तास. लहान मुलं बरोबर असतील तर त्यातला एक तास असाही जेवणाखाण्यात जातो. पण वर्षातून दहा वेळा असा प्रवास करणाऱ्याने ही गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने मात्र त्या दोन दिवसांसाठी दहा हजार जास्त का मोजावेत?

युरोपात हिशोब थंडीमुळे बदलतो. अ‍ॅटो ३ ची डब्ल्यूएलटीपी रेंज, म्हणजे युरोपच्या प्रमाणित चाचणीत एका चार्जवर कापलेलं अंतर, ४२० किलोमीटर आहे. जानेवारीत जर्मन ऑटोबानवर १२०-१३० च्या वेगाने १०० किलोमीटरला २३ ते २५ युनिट धरा. पूर्ण बॅटरीत २४० ते २६० किलोमीटर. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र) असेल तर केबिन गरम ठेवायला वीज कमी लागते, म्हणून स्वस्त मॉडेल निवडताना तो खरोखर बसवलेला आहे ना, हे विचाराच. त्याहून मोठी अडचण चार्जरपाशी येते. शून्याच्या आसपास तापमान असताना एलएफपी सेलमध्ये जोरात वीज ढकलली तर लिथियम धातूच्या रूपात साचतं आणि सेलचं कायमचं नुकसान होतं. म्हणून संगणक वेग रोखून धरतो. ८८ ऐवजी ३० किलोवॅट दिसले तर चार्जर बिघडलेला नाही, बॅटरी थंड आहे. रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सकाळी थेट फास्ट चार्जरला लावू नका. आधी चाळीस-पन्नास किलोमीटर चालवा, मग लावा. गाडीत बॅटरी आधीच गरम करून ठेवायची सोय आहे का, आणि ती हाताने चालू करता येते का, हा प्रश्न डीलरला विचारा. सुरुवातीच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत ती नव्हती.

घरचं चार्जिंग असेल तर यातलं बरंच काही गौण ठरतं. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत सिंगल फेज वीज असते, त्यावर ७.४ किलोवॅटचा चार्जर बसतो आणि रिकामी बॅटरी साडेआठ-नऊ तासांत भरते. जर्मनीत तीन फेजवर ११ किलोवॅटचा वॉलबॉक्स असतो, त्याची नोंद वीजजाळं चालवणाऱ्या कंपनीकडे करावी लागते, आणि ११ च्या वर जायचं तर आधी परवानगी. भिंतीतल्या साध्या प्लगवर, १० अँपिअरला, २.३ किलोवॅट मिळतात, म्हणजे तीसेक तास. तात्पुरतं ठीक. रोज मात्र नको. घरातले प्लग तासन्‌तास पूर्ण भार घेण्यासाठी बनवलेले नसतात. आतली पकड सैल असली की तिथे उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळतं. प्लगला हात लावून बघा. चटका बसण्याइतका गरम असेल तर तिथेच थांबा. चार्जरला स्वतंत्र लाइन आणि डीसी गळती ओळखणारं संरक्षण असलंच पाहिजे, इलेक्ट्रिशियनकडून हे लेखी घ्या.

घरी चार्जर बसवता येत नसेल तर ब्रिटनमध्ये गाडीच्या स्वस्ताईतला मोठा भाग हातातून जातो. रात्रीच्या खास दरात युनिट ७-८ पेन्सला पडतं. सार्वजनिक फास्ट चार्जरवर ७५ पेन्सच्या पुढे. ६० युनिटला एकीकडे साडेचार-पाच पौंड, दुसरीकडे ४५ पौंड.

किंमत बंदरावर ठरते

सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांनी चिनी इलेक्ट्रिक गाड्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीची चौकशी जाहीर केली. ३० ऑक्टोबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी वाढीव शुल्क लागू झालं. ते सगळ्यांना सारखं नाही. बीवायडीला १७ टक्के, जीलीला १८.८, चौकशीत सहकार्य करणाऱ्या इतर कंपन्यांना २०.७ आणि एमजीची मालक असलेल्या एसएआयसी या चिनी कंपनीला ३५.३. शांघायमध्ये बनणाऱ्या टेस्लाला ७.८. हे सगळं नेहमीच्या १० टक्क्यांच्या वर.

बंदरावरची किंमत २० हजार युरो धरली तर बीवायडीवर ५,४०० युरो शुल्क बसतं आणि एमजीवर ९,०६०. त्यानंतर व्हॅट, तोही शुल्कासकट किमतीवर. पण हे वाढीव शुल्क फक्त पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांवर आहे. प्लग-इन हायब्रिडवर, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि चार्ज करता येणारी बॅटरी दोन्ही असलेल्या गाडीवर नाही, साध्या हायब्रिडवरही नाही. तिथे २० हजारांवर २,००० च. परिणाम शोरूममध्ये लगेच दिसला. बीवायडीने सील यू चं प्लग-इन मॉडेल पुढे केलं, एमजीने युरोपात हायब्रिड गाड्यांवर जोर दिला. पेट्रोल कमी व्हावं म्हणून धोरणं आखणाऱ्या युरोपने स्वतःच्याच शुल्काने चिनी कंपन्यांना पेट्रोलच्या टाकीकडे ढकललं, हे मला फार चुकीचं वाटतं. ग्राहक म्हणून लक्षात ठेवा: सेल्समन तुम्हाला इलेक्ट्रिककडून प्लग-इनकडे वळवत असेल तर त्यामागे हे गणितही असू शकतं. घरी चार्जर असेल आणि रोजचं अंतर शंभरच्या आत असेल तर वळू नका.

दुसरा मार्ग म्हणजे युरोपातच गाडी बनवणं. बीवायडीने हंगेरीत सेगेदला कारखाना उभारायला घेतला. एक्सपेंगच्या गाड्या ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्नाच्या कारखान्यात जुळवल्या जातात. चेरीने बार्सिलोनातला निसानचा जुना कारखाना स्पॅनिश भागीदाराबरोबर वापरात आणला. प्यूजो, फियाट, ओपेल यांची मालक असलेल्या स्टेलांटिसने २०२३ मध्ये दीड अब्ज युरो घालून लीपमोटरमध्ये जवळपास २१ टक्के हिस्सा घेतला, आणि चीनबाहेर विकणाऱ्या संयुक्त कंपनीत ५१ टक्के स्वतःकडे ठेवले. म्हणूनच लीपमोटरची गाडी तुम्हाला एखाद्या जुन्या युरोपीय ब्रँडच्या डीलरकडे उभी दिसते, आणि सर्व्हिसच्या दृष्टीने हा फायदाच आहे.

ब्रिटनने वाढीव शुल्क लावलंच नाही. तिथे १० टक्केच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीवायडीच्या ११,२७१ गाड्यांची तिथे नोंदणी झाली आणि चीनबाहेरची तिची सर्वात मोठी बाजारपेठ ब्रिटन ठरली. मात्र जुलै २०२५ मध्ये आलेल्या ३,७५० पौंडांपर्यंतच्या सरकारी सवलतीत चीनमध्ये बनलेल्या गाड्या बसल्या नाहीत, कारण निकष कारखान्यातल्या आणि बॅटरी बनवण्यातल्या कार्बनचे आहेत. काही कंपन्यांनी तेवढी सूट स्वतःच्या खिशातून दिली. डीलरकडे ती मागायला लाजू नका.

ऑस्ट्रेलियात चीनशी मुक्त व्यापार करार असल्यामुळे शुल्क शून्य, आणि तिथे स्वतःचा कार उद्योगही उरलेला नाही. म्हणून तिथल्या किमती युरोप आणि ब्रिटनपेक्षा खाली आहेत. अमेरिकेचं दार बंद आहे. सप्टेंबर २०२४ पासून १०० टक्के शुल्क, आणि शिवाय इंटरनेटशी जोडलेल्या गाड्यांतल्या चिनी सॉफ्टवेअरवर २०२७ च्या मॉडेलपासून बंदी. कॅनडानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० टक्के लावले होते. जानेवारी २०२६ च्या समझोत्यात वर्षाला ४९ हजार गाड्या ६.१ टक्के शुल्कावर घ्यायचं ठरलं. टोरांटोतल्या वाचकांनी पहिल्याच खेपेतली गाडी उचलायची घाई करू नये. थंडीत बॅटरी गरम ठेवायची सोय आणि सर्व्हिस सेंटरचं अंतर, ही दोन उत्तरं आधी मिळवा.

शोरूममध्ये आणि नंतर

या चिनी कंपन्या फार कमी प्रकार काढतात आणि जवळपास सगळं सुरुवातीपासूनच देतात: ३६० अंशांचा कॅमेरा, गरम होणाऱ्या सीट, मोठा पडदा. कारखान्यात एकाच प्रकारच्या गाड्या निघाल्या की खर्च उतरतो. वाचलेला पैसा मात्र अनेकदा सॉफ्टवेअर घासूनपुसून नीट करण्यात गेलेला नसतो. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादा ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि गाडी सुरू केली की ती दर वेळी पुन्हा चालू होते. कॅमेऱ्याने शेजारच्या रस्त्याची ३० ची पाटी वाचली तर हायवेवर गाडी किंचाळत राहते. लेन धरून ठेवणारी यंत्रणा अरुंद गावरस्त्यावर स्टिअरिंग ओढते. म्हणून चाचणीची फेरी दहा मिनिटांची नको. तासभर मागा, त्यात हायवे आणि अरुंद रस्ता दोन्ही घ्या, आणि या यंत्रणा किती टप्प्यांत बंद होतात ते स्वतः करून बघा. एका बटणावर होत असेल तर उत्तम. पडद्यावर चार पानं खाली जावं लागत असेल तर ते रोज करायचंय हे ध्यानात घ्या. पाऊस असेल तर फारच छान. अ‍ॅटो ३ मध्ये ३१० न्यूटन-मीटरचा जोर फक्त पुढच्या चाकांवर येतो, ओल्या रस्त्यावर चढावर निघताना टायर किती घसरतात ते कळेल. टायर बदलायची वेळ आली की पावणेदोन टनांच्या गाडीला साजेसा भारांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) बघा, नुसता आकार जुळणं पुरेसं नाही.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी या सगळ्या गाड्यांत अनेकांना रस्त्यात अडवते. मोठ्या बॅटरीत ५० युनिट असूनही गाडी मेलेली, पडदा काळा, दार उघडत नाही. कारण मोठी बॅटरी जोडणारे स्विच, कुलपं आणि संगणक हे सगळं त्या छोट्या बॅटरीवर चालतं. गाडी उभी असताना अ‍ॅपमधून वारंवार तिची विचारपूस केली तर ती दर वेळी जागी होते आणि छोटी बॅटरी उतरते. लांब सुट्टीला जाताना अ‍ॅप उघडायचा मोह टाळा, पार्किंगमधलं कॅमेरा-रेकॉर्डिंग बंद करा, मोठी बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा. किल्लीच्या आतली धातूची पट्टी कुठे आहे आणि ती कोणत्या दाराला लागते हे आजच बघून ठेवा. बीवायडीत ही छोटी बॅटरीसुद्धा एलएफपीची असते. तिला शिसे-आम्लाच्या बॅटरीचा जुना चार्जर लावू नका, त्याचा जास्तीचा व्होल्टेज तिला सोसत नाही.

विम्याचा दर गाडी ठरवण्याआधी काढा. दुरुस्तीचा खर्च आणि सुट्या भागांची वाट हे दोन्ही त्यात मिसळलेले असतात. समोरची काच फुटली तर कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. गाडीचा तळ दगडाला आदळला तर बॅटरीच्या पेटीची तपासणी लागते, आणि पेटीवर खोल पोचा असेल तर विमा कंपनी पुष्कळदा गाडीच मोडीत काढते. डीलरला थेट विचारा: पुढचा बंपर आणि डावा दिवा देशातल्या गोदामात आहे का, की येईपर्यंत थांबायचं? उत्तर लेखी मिळालं तर बरं.

ब्रँड टिकेल का हा प्रश्नही रास्त आहे. चीनमध्ये डब्ल्यूएम मोटरने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्रेट वॉलने म्युनिकमधलं युरोपीय मुख्यालय २०२४ मध्ये बंद केलं. ही तीच ग्रेट वॉल, जिने जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारशी तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी करार केला होता. केंद्राची परवानगी आली नाही, २०२२ मध्ये तो बेत गुंडाळला आणि कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. एमजी, बीवायडी, जीली यांच्या मागे मोठं उत्पादन आहे. छोट्या, नव्या नावांच्या बाबतीत सात-आठ वर्षांच्या वॉरंटीचा कागद तो देणारा उरला तरच कामाचा.

रोखीने की भाड्याने

किमती उतरत राहतात ही ग्राहकाला आनंदाची गोष्ट वाटते, पण आधी घेतलेल्याच्या गाडीचं मोल त्यात पडतं. ऑस्ट्रेलियात अ‍ॅटो ३ ची विक्री ४४ हजार डॉलर्सच्या पुढे सुरू झाली होती, २०२५ मध्ये ती ३९,९९० पासून मिळू लागली. म्हणून तीन वर्षांत विकायचा विचार असेल तर माझा कल लीजकडे आहे, मोल पडण्याची जोखीम दुसऱ्याच्या माथी जाते. ब्रिटनमध्ये पीसीपी (हप्ते भरून शेवटी गाडी ठेवायची की परत द्यायची हे ठरवायची योजना) घेतलीत तर करारात शेवटची हमी किंमत लिहिलेली असते. बाजारभाव त्याच्या खाली गेला तर किल्ली परत करून मोकळे व्हा.

ऑस्ट्रेलियातली नोव्हेटेड लीज, म्हणजे नोकरीच्या पगारातून हप्ते भरून घेतलेली गाडी, मात्र वेगळी आहे, आणि आयटीतली आपली बरीच मंडळी तिच्यात आहेत. जुलै २०२२ पासून इलेक्ट्रिक गाडीवर फ्रिंज बेनिफिट कर (नोकरीतून मिळणाऱ्या सोयींवरचा कर) माफ आहे, आणि हप्ता पगारातून कर कापण्याआधी जातो, म्हणून बचत मोठी. प्लग-इन हायब्रिडला नव्याने माफी मिळणं १ एप्रिल २०२५ ला संपलं. पण लीज संपताना तुम्ही भरायची उरलेली रक्कम कर खात्याच्या नियमाने ठरते: तीन वर्षांनी गाडीच्या किमतीच्या ४६.८८ टक्के, चार वर्षांनी ३७.५, पाच वर्षांनी २८.१३. इथे जोखीम तुमचीच. तीन वर्षांनी बाजारात गाडीला ४० टक्केच मिळाले तर वरचे सात टक्के तुमच्या खिशातून. झपाट्याने स्वस्त होत जाणाऱ्या ब्रँडसाठी पाच वर्षांची मुदत त्यामुळे सुरक्षित.

सेकंडहँड घेताना आधीच्या मालकाने अ‍ॅपमधून गाडी आपल्या खात्यातून काढली आहे का ते तुमच्यासमोर करून घ्या. नाहीतर गाडी तुमच्या दारात आणि कुलूप उघडायचा अधिकार त्याच्या फोनमध्ये. बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मागताना गाडी आधी १०० टक्के चार्ज केलेली असू द्या, एलएफपीत हिशोब चुकलेला असेल तर अहवालही चुकतो. वॉरंटीत क्षमता ७० टक्क्यांच्या खाली जाणं धरलेलं असतं, आणि सर्व्हिसचे शिक्के सलग नसतील तर दावा अडतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांनाही यातला बॅटरीचा भाग लागू आहे. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा बीई ६ मध्ये बीवायडीचेच ब्लेड सेल आहेत, ५९ आणि ७९ युनिटच्या पेट्यांत. हालोलला बनणाऱ्या एमजी विंडसरची ३८ युनिटची बॅटरीही एलएफपी आहे. आठवड्यातून एकदा १०० टक्के करायचा नियम तिथेही तोच. फरक उन्हाचा. जर्मनीत काळजी थंडीची, विदर्भात मे महिन्याची. तिथे पूर्ण चार्जिंग रात्री करा, सकाळी गाडी वापरा, आणि १०० टक्क्यांवर भरलेली गाडी दिवसचे दिवस उन्हात उभी ठेवू नका. चार-पाच दिवस बाहेर जाणार असाल तर ५०-६० टक्क्यांवर सावलीत लावून जा.